पडद्यातला उशीर

माझी मावशी स्क्रीन निवडते. काय करता, असं कुणी विचारलं तर ती एवढंच सांगते आणि समोरचा थांबून राहिला तरच पुढचं बोलते. कन्सोलवरच्या, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावरच्या, मारामारीच्या गेमच्या स्पर्धा भरतात. दोन खेळाडू एका स्क्रीनसमोर शेजारी शेजारी बसतात, हातात आपापला कंट्रोलर असतो, आणि बटण दाबल्यापासून पडद्यावरचा माणूस हात उगारेपर्यंत जो वेळ जातो त्यात हारजीत ठरते. खेळाडू त्याला लॅग म्हणतात. मावशी म्हणते उशीर. लॅग म्हटलं की यंत्राचा दोष वाटतो, उशीर म्हटलं की कुणाची तरी वाट बघितल्यासारखं वाटतं, असं तिचं म्हणणं.

थोडा उशीर सगळ्याच पडद्यांत असतो. "उशीर न करणारी स्क्रीन आणि न घोरणारा नवरा, दोन्ही मला अजून दिसायचे आहेत," असं ती काकांच्या तोंडावर म्हणते आणि काका वर्तमानपत्र थोडं वर धरतात.

उशीर कमी असलेल्या आणि मुख्य म्हणजे एकमेकींसारख्या स्क्रीन शोधायच्या, हे तिचं काम. दोन स्क्रीन शेजारी ठेवून ती दोन्हींवर एकच पळतं घड्याळ लावते आणि मोबाइलनं फोटो काढते. फोटोत एका पडद्यावरचे आकडे मागे असले की तो बाद. मग कंट्रोलर. स्पर्धेत खेळाडू स्वतःचे आणतात, पण कुणाचा ऐन वेळी बिघडलाच तर द्यायला मावशीची एक पेटी असते. त्यातला प्रत्येक कंट्रोलर ती टेबलावर ठेवून देते आणि हात मांडीवर घेऊन बसते. कुणी हात न लावता पडद्यावरचा माणूस हळूच एका बाजूला चालायला लागला, तर त्या कंट्रोलरची दिशा द्यायची दांडी झिजलेली असते. "हा स्वतःच्या मनानं चालतो," असं म्हणून ती तो बाजूला टाकते. उरलेल्यांची बटणं ती कानाजवळ धरून दाबते. स्पर्धेच्या सभागृहात वायरचाच कंट्रोलर चालेल, हा नियमही तिच्या आग्रहानं आला. पूर्वी एका सामन्यात मध्येच गेम थांबला होता. कारण हरलेल्या एका खेळाडूचा बिनवायरचा कंट्रोलर त्याच कन्सोलला जोडलेला राहिला होता, आणि तो ज्या पिशवीत होता तिच्यावर कुणीतरी बसलं होतं.

या कामात ती दुकानातून आली. लग्नाआधीपासून ती टीव्हीच्या एका मोठ्या दुकानात होती. भिंतभर लागलेल्या टीव्हींसमोर उभं राहायचं आणि आलेल्या माणसाच्या हाती रिमोट द्यायचा. "दुकानात टीव्ही देखणा लागतो, स्पर्धेत वक्तशीर," ती म्हणते. ते दुकान बंद झालं, त्याच सुमारास तिच्या मुलीला या गेमचं वेड लागलं, आणि मुलीला सोडायला म्हणून स्पर्धेला गेलेली मावशी तिथल्या स्क्रीन बघून आयोजकांशी भांडली. पुढच्या वेळी त्यांनी तिलाच बोलावलं.

मुलीला सगळे पिटू म्हणतात. उंचीनं लहान, तोंडानं मोठी. मावशीच्या कामाचा सगळ्यात मोठा तोटा कुणाला झाला असेल तर तिला. चांगल्या स्क्रीन गाडीत बसून स्पर्धांना जायच्या आणि घरी उरायचा तो कुठल्याही स्पर्धेनं हाकलून दिला असता असा रुंद, सुस्त टीव्ही. पिटू त्याच्यावर खेळायला शिकली. त्या टीव्हीवर फटका दिसायचाच उशिरा. म्हणून तो दिसायची वाट न बघता, अंदाजानं आधीच बटण दाबायचं, हे तिच्या अंगठ्यानं लहानपणीच ठरवून टाकलं. घरी तिला हरवणं कठीण. सभागृहात मात्र ती दर वेळी केसभर लवकर दाबायची आणि मार खायची. मावशीच्या हे लक्षात आलं तेव्हा अंगठ्याला वळण लागून गेलं होतं. चांगली स्क्रीन घरी यायची, चार दिवस राहायची आणि पुढच्या स्पर्धेसाठी पुन्हा गाडीत चढायची.

मी सांगते आहे त्या दिवशी सामना साधा नव्हता. जिंकणाऱ्याला या गेमच्या एका संघातली शेवटची उरलेली जागा मिळणार होती. त्या जागेसोबत वर्षभराचं प्रशिक्षण होतं, राहण्याची सोय होती, नाव होतं. या वर्षी जमलं नाही तर कन्सोल कपाटात टाकून मुकाट्यानं कॉलेजचा अभ्यास करेन, असं पिटूनं स्वतःच घरात सांगून टाकलं होतं. तिनं ते इतक्या सहज सांगितलं की मावशीनं तव्यावरची पोळी करपू दिली.

सभागृह एरवी खेळांचं. फरशीवर रंगीत पट्टे आखलेले, वर उंच खिडक्या, आणि कुठलाही आवाज दुसऱ्यांदा ऐकवणारं छत. सकाळी मावशीनं सगळ्या स्क्रीन ओळीत लावल्या तेव्हा खिडकीकडच्या एका स्क्रीनवर उभी रेघ आली. तिनं गाडीतून नवी काढून आणली, खोक्यातून सोडवली आणि जोडली. नवी स्क्रीन सुरू होताना भाषा कोणती, वेळ कोणती, कुठे वापरणार, असे बरेच प्रश्न विचारते. मावशी रिमोटनं पटापट उत्तरं देत होती आणि तेवढ्यात पंच येऊन तिच्याशी टेबलांच्या रांगेबद्दल बोलायला लागला. हा पंच म्हणजे गळ्यात शिट्टी घालून फिरणारा आणि ती कधीच न वाजवणारा माणूस. मावशीनं स्क्रीन गेमच्या सेटिंगवर नेली, फोटो काढला, आकडे जुळले. "झालं," ती म्हणाली.

दुपारी वीज गेली. पंखे मंदावले, सगळीकडून "अरे!" असा आवाज उठला आणि पंखे पूर्ण थांबायच्या आत वीज परतही आली. अशा वेळी मावशी एरवी प्रत्येक स्क्रीनचा मेनू उघडून बघते. त्या दिवशी ती रांगेवरून नुसती चालत गेली, कारण तिचं अर्धं लक्ष दाराकडे होतं. पिटूनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं आणि ती दिसत नव्हती. पडदे सुरू झाले आहेत, चित्र स्वच्छ आहे, एवढं पाहून ती जेवणाचा डबा घेऊन पिटूला शोधायला बाहेरच्या पायऱ्यांकडे गेली.

पिटूचा सामना खिडकीकडच्या स्क्रीनवर लागला. समोर कंपाउंडर. औषधांच्या दुकानात काम करणारा, तिशीतला, शांत माणूस. यानं याआधी पिटूला तीनदा हरवलं होतं. त्याच्याकडे साधा कंट्रोलर नसतो. मांडीवर मोठा डबा, त्यावर एक दांडी आणि रुपयाएवढी बटणं.

"कंपाउंडर, आज कुठल्या गोळ्या आणल्यात?" पिटूनं बसता बसता विचारलं.

"झोपेच्या. तुझ्यासाठी."

"मग पाणी तुम्हालाच आणावं लागेल."

"लहान तोंडी मोठा घास," मागून कुणीतरी म्हणालं. पिटू वळून हसली, पण तिचे कान लाल झाले होते.

या स्पर्धांत सुरुवातीला एक रीत पाळतात. दोघं खेळाडू आपलं एकेक बटण दाबून बघतात आणि "ठीक" म्हणतात. एकदा ठीक म्हटलं की पुढे कंट्रोलरबद्दल तक्रार करता येत नाही. स्क्रीनचं ठीक मात्र खेळाडूंनी म्हणायचं नसतं. पंच मावशीकडे बघतो आणि मावशी मान हलवते.

पिटू म्हणाली ठीक. कंपाउंडर म्हणाला ठीक. पंचानं बघितलं, मावशीनं मान हलवली, आणि ती माझ्या शेजारी येऊन बसली.

जो आधी तीन गेम घेईल तो जिंकणार होता. पहिल्या गेममध्ये पिटू अशी खेळली की मला माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. ज्या फटक्यांना ती दर वेळी फसायची ते तिनं एकामागून एक अडवले. कंपाउंडर हात उगारायचा आणि पिटूचा माणूस जणू आधीपासूनच तयार उभा असायचा. पहिला गेम तिचा झाला.

"बघितलंस? आज घाईच करत नाहीये!" मी मावशीचा दंड धरला.

मावशी हसली होती. ते हसू तिच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि डोळे मात्र तिथून निघून गेले. ती पडद्याकडे बघत नव्हती. ती कंपाउंडरच्या डब्याकडे बघत होती.

दुसरा गेम सुरू झाला. कंपाउंडरच्या बटणांचा आवाज मोठा, टक टक असा. मावशीची मान त्या आवाजाबरोबर किंचित हलायला लागली. टक, आणि मग पडद्यावर हात. टक, आणि मग. तिच्या कपाळावर आठी आली. पुढे बऱ्याच दिवसांनी तिनं मला सांगितलं, "मला वाटलं मी आपल्या बाहेरच्या खोलीत बसले आहे. सोफ्यावर. एवढी ओळखीची लय होती ती."

तिला कळलं होतं की पडदा उशीर करतो आहे. घरच्यासारखाच. पिटू घाई करत नव्हती असं नाही. ती नेहमीसारखीच घाई करत होती आणि आज पडदाच तिच्या घाईच्या मापाचा झाला होता.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की मावशीनं पिशवीतून रिमोट काढला आहे आणि तो दोन्ही तळव्यांत दाबून धरला आहे. तिच्या बोटांची टोकं पांढरी पडली होती. मला वाटलं, आईचा जीव आहे, धडधडत असेल.

कंपाउंडरनं एक अगदी सोपा फटका चुकवला. कधीच न चुकणारा. त्यानं बोटांवर फुंकर मारली, मनगट झटकलं.

"हात जड झालेत आज," तो पंचाकडे न बघताच म्हणाला.

"खेळ, खेळ," पंच म्हणाला.

मागच्या रांगेत कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "संपला हा. वय झालं." कंपाउंडरनं ते ऐकलं असावं, कारण त्यानं खुर्ची थोडी पुढे ओढली, जशी माणसं कमी दिसायला लागल्यावर ओढतात.

मावशीनं डोळे मिटले. पिटूच्या माणसाची ताकदीची पट्टी थोडी उरली होती, कंपाउंडरच्या माणसाची त्याहून थोडी. सगळं सभागृह पुढे झुकलं. पिटूनं शेवटचा फटका अडवला, उलटा मारला, आणि छतानं टाळ्यांचा आवाज दुप्पट करून परत दिला. दोन गेम पिटूचे. आता फक्त एक.

पिटूनं मागे वळून बघितलं. जागा मिळालीच, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

मावशी उभी राहिली. "थांबा," ती म्हणाली. टाळ्यांत ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा म्हणाली, "थांबा. स्क्रीन बघू द्या."

ती पुढे गेली, रिमोट धरला आणि मेनू उघडला. मी जिथं बसले होते तिथूनही मोठ्या अक्षरांतली ओळ दिसली. वापराचं ठिकाण: दुकान.

सकाळी त्या नव्या स्क्रीननं विचारलं होतं, घरी वापरणार की दुकानात. आणि जिनं आयुष्याची कितीतरी वर्षं दुकानात नवे टीव्ही लावण्यात घालवली तिच्या अंगठ्यानं, पंचाशी बोलता बोलता, नेहमीचं उत्तर देऊन टाकलं होतं. दुकानाच्या मोडमधला टीव्ही तुम्ही काहीही सेटिंग करा, वीज जाऊन आली की पुन्हा आपला नट्टापट्टा करून उभा राहतो. रंग गडद, कडा ठळक. हे सगळं नटवून झाल्यावर तो चित्र दाखवतो, म्हणून उशिरा दाखवतो.

"बाई, तुम्ही मान हलवली होतीत," पंच म्हणाला.

"हो. चुकले."

"आता? दोन गेम झाल्यावर?"

मध्येच बोलला तो कंपाउंडर. त्यानं मांडीवरचा डबा बाजूला ठेवला, दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले आणि विचारलं, "म्हणजे माझे हात बरे आहेत?"

कुणी हसलं नाही.

"अहो, पण स्क्रीन दोघांना एकच होती ना!" मागून एक जण ओरडला. "उशीर झाला तर दोघांनाही झाला. त्यात काय अन्याय?"

"बरोबर आहे," आणखी दोघं-तिघं म्हणाले.

पंचाला ते पटल्यासारखं दिसलं. त्यालाही दिवस संपवायचा होता. तो मावशीकडे वळला, आणि त्याचा आवाज जवळजवळ प्रेमळ होता. "बाई, तुम्हीच सांगा. दोघांना सारखंच होतं, असं धरायचं का?"

पिटू आईकडे बघत होती. तिच्या कंट्रोलरची वायर तिच्या बोटाभोवती गुंडाळलेली होती, आणि ते बोट निळं पडलं होतं.

"उशीर सारखा होता," मावशी म्हणाली. "सवय सारखी नव्हती. आमच्या घरचा टीव्ही असाच आहे. ही त्याच्यावर शिकली."

पंचानं शिट्टी हातात घेतली, बघितली, सोडून दिली. "पहिल्यापासून," तो म्हणाला.

मावशीनं स्क्रीन पुन्हा लावली. या वेळी प्रत्येक प्रश्न वाचून. घड्याळ लावलं, फोटो काढला, तो फोटो पंचाला दाखवला, कंपाउंडरला दाखवला. पिटूसमोर मोबाइल धरला तेव्हा पिटूनं तो बघितला नाही. "ठीक," ती म्हणाली.

पहिला गेम कंपाउंडरनं घेतला. दुसराही. त्याचे हात हलके झाले होते आणि पिटूचा अंगठा पुन्हा आपला आधी पोचत होता, रिकाम्या जागेवर. माझ्या मनात आलं, आता पटकन संपू दे. मावशी माझ्या शेजारी बसली नव्हती. ती स्क्रीनच्या मागे, भिंतीला टेकून उभी होती, जिथून पडदा दिसत नाही आणि खेळणाऱ्याचा चेहरा दिसतो.

तिसऱ्या गेमच्या मध्यावर काहीतरी बदललं. पिटूनं खालचा ओठ दातांत धरला आणि तिचा अंगठा बटणावर न पडता बटणाच्या वर थांबला. अगदी किंचित. ती अंदाज सोडून बघायला लागली होती. ते बघायला फार अवघड होतं. कुणीतरी आपल्याच बोलीत अडखळत बोलावं, तसं. पण तिनं तिसरा गेम घेतला. चौथा घेतला तेव्हा मघाशी ओरडणारा माणूस खुर्चीवर उभा राहिला होता.

पाचव्यात दोघांच्याही माणसांत जेमतेम एका फटक्याचा जीव उरला. कंपाउंडरचं बटण वाजलं. पिटूनं वाट बघितली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं पूर्ण वाट बघितली, आणि ती केसभर जास्त झाली.

कंपाउंडरनं आनंदानं हात वर केले नाहीत. त्यानं डबा खाली ठेवला आणि पिटूपुढे हात केला. "तिसऱ्या गेमपासून मला घाम फुटला होता," तो म्हणाला.

"गोळी घ्या," पिटू म्हणाली. आवाज फुटला, पण शब्द पूर्ण झाला.

संध्याकाळी सभागृह रिकामं होत होतं. चौकीदार दारांच्या कड्या एकेक करून लावत फिरत होता आणि "चला बाई, आटपा" म्हणत होता. मावशी कोपराभोवती वायरींची वेटोळी घालत होती. आयोजकांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की यापुढे स्क्रीन तपासायला तिच्यासोबत आणखी कुणीतरी असेल. तिनं मान हलवली होती.

पिटू येऊन तिच्यासमोर उभी राहिली. "तुला कधी कळलं?"

मावशी वेटोळं घालायची थांबली. खोटं बोलायला जागा होती; मी तिथंच होते आणि मलाही वाटलं, बोल, शेवटी कळलं म्हण.

"दुसरा गेम सुरू होताना."

"मग तो संपेपर्यंत गप्प का बसलीस?"

"तू जिंकत होतीस."

पिटूनं तोंड फिरवलं. ती म्हणाली, "तेव्हाच उठली असतीस तर एकच गेम गेला असता माझा. दोन झाल्यावर उठलीस. मला वाटलं होतं, मिळालीच जागा. माहितीये तुला? मनात सामान पण भरून झालं होतं माझं."

"माहितीये," मावशी म्हणाली. "मीही भरलं होतं."

पिटू दाराकडे निघून गेली आणि मला वाटलं आता ती गाडीत जाऊन बसेल, घरी गेल्यावर कपाट उघडेल. पण दारात कंपाउंडर बुटांची नाडी बांधत होता. ती त्याच्याशी काहीतरी बोलली. तो चौकीदाराकडे बघून नको नको म्हणाला. मग डबा काखेत घेऊन तिच्यामागून परत आला.

एकच स्क्रीन अजून जोडलेली होती. दोघं तिच्यासमोर बसले. पंच नव्हता, ठीक कुणी म्हणालं नाही. पिटू हरली, पुन्हा सुरू केलं, पुन्हा हरली. तिचा अंगठा वर थांबायचा, पडायचा, कधी आधी, कधी नंतर.

"अहो बाई!" चौकीदार लांबून ओरडला.

"येतो, येतो," मावशी म्हणाली. बाकीच्या सगळ्या वायरी गुंडाळून झाल्या होत्या. ती त्या उरलेल्या स्क्रीनच्या प्लगपाशी जाऊन वाकली.

"आई," पिटू पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "तिला हात लावू नकोस."